हेटीचे निरोप

मार्च सरता सरता तांबड्या गायीनं विल्फ थ्वेटला गोठ्याच्या भिंतीशी असं काही चेपलं की त्याच्या डाव्या कुशीतल्या दोन बरगड्या मोडल्या, आणि मेंढ्या विण्याचा सबंध हंगाम त्याच्या बायकोच्या, डायनाच्या गळ्यात पडला. डॉक्टरनं छातीला पट्टे आवळले, वजन उचलायचं नाही म्हणून बजावलं, आणि जाता जाता हसणंही कमी करायला सांगितलं. विल्फचा चेहरा तेव्हा असा होता की ही शेवटची सूचना वायाच गेली.

डायना खोऱ्यातल्या शाळेत धाकट्या वर्गाला शिकवायची. पहाटे उठून ती आधी रानात एक फेरी मारायची. अडलेल्या मेंढीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून आतल्या कोकराचे पाय सरळ करायची. गारठलेलं कोकरू कोटाच्या आत छातीशी धरून घरी आणायची आणि शेगडीच्या खालच्या कप्प्याचं दार उघडं ठेवून त्यात निजवायची. मग हात घासून, स्कर्ट बदलून शाळा. हातांना भेगा पडल्या होत्या, खडू धरला की झोंबायच्या. विल्फ खिडकीशी बसून पोरक्या कोकरांना बाटलीनं चीक पाजायचा आणि बायको बाहेर काय काय चुकतेय ते काचेतून बघायचा. संध्याकाळी ते सगळं तिला क्रमवार ऐकवायचा. ती ऐकता ऐकता खुर्चीतच झोपून जायची, त्यामुळे भांडण व्हायचं नाही.

भांडण होतं ते शेजाऱ्याशी. थ्वेटांच्या आणि आयव्हसनांच्या रानांमध्ये एक गडगा होता, नुसता दगडावर दगड रचलेला, मध्ये ना चुना ना माती. नोव्हेंबरच्या वादळात तो मधोमध ढासळला. वरचा अर्धा गडगा थ्वेटांनी राखायचा आणि खालचा आयव्हसनांनी, ही आजोबांच्या वेळची वाटणी. पण वरचा कुठे संपतो आणि खालचा कुठे सुरू होतो हे दाखवणारा खुणेचा दगडच त्या ढिगाऱ्यात गेला. विल्फ म्हणाला, पडलाय तो भाग एमस आयव्हसनचा. एमस म्हणाला, विल्फचा. हॉजच्या बाजारात चार लोकांदेखत एमस आणखीही काही म्हणाला, विल्फनंही हातचं राखलं नाही, आणि तिथून दोघांचं बोलणं तुटलं. खिंडारात एक मोडकं फाटक आडवं बांधून ठेवलं होतं. त्याच्याखालून मेंढ्या मनाला येईल तेव्हा इकडच्या तिकडे जात.

माणसांचं बोलणं बंद पडलं म्हणून मेंढ्यांची कामं थांबत नाहीत. रोज काही ना काही कळवावं लागायचं, आणि ते काम हेटीवर आलं. हेटी एमसची एकुलती मुलगी. आठ वर्षांची, दोन वेण्या, समोरचा एक दात पडलेला. आई दोन वर्षांमागे गेलेली, घरात बापलेक दोघंच. शाळेला जाताना डायना तिला आपल्या लँडरोव्हरमधून न्यायची. रोज सकाळी हेटी थ्वेटांच्या अंगणात यायची, हात मागे बांधून उभी राहायची आणि निरोप सांगायची. बाबांनी नमस्कार सांगितलाय. तुमच्या तीन मेंढ्या आमच्या खालच्या कुरणात आल्यात, सवड झाली की न्या, घाई नाही. संध्याकाळी विल्फचा निरोप तिकडे जायचा, तोही असाच गोड.

डायनाला हिवाळाभर याचं नवल वाटत होतं. एमस आयव्हसन हा माणूस तसा वाईट नव्हता, पण 'सवड झाली की' हे शब्द त्याच्या तोंडून निघतील असं खोऱ्यात कुणी मानलं नसतं.

ईस्टरची सुट्टी संपली आणि डायनानं वर्गात अवतरणचिन्हं शिकवायला घेतली. मुलं नऊ. निम्म्यांनी ती पावसासारखी शिंपडली होती, उरलेल्यांनी एकही वापरलं नव्हतं. हेटीनं लिहिलं होतं: बाबा म्हणाले "की ट्रॅक्टर चालू होत नाही म्हणून त्यांना फार वाईट वाटत होतं".

डायनानं फळ्यावर मेंढवाडा काढला. दोन बाजूंना दोन फाटकं, ही अवतरणचिन्हं. वाड्यात फक्त बोलणाऱ्याच्या तोंडून निघालेले शब्द घालायचे. दुसऱ्याचं मेंढरू आत दिसलं तर ती चोरी. "बाबा म्हणाले" हे मेंढपाळाचं, ते बाहेर राहील. आणि स्वल्पविराम ही फाटकाची कडी. बोलणं संपलं, पुढे "बाबा म्हणाले" येणार असलं, की फाटक बंद करायच्या आधी कडी आतून लावायची. कडी बाहेर लावली तर काय होईल?

"वारा आला की फाटक आपटत राहील," रेनांचा कॉलिन म्हणाला. त्याच्या घरी तसं एक फाटक होतं.

मग त्यानं विचारलं की मेंढी बें म्हणाली तर ते आत घालायचं की नाही. यावर वर्गात दोन तट पडले. डायनानं निकाल दिला की तोंडातून निघालंय, तर आत.

तेवढ्यात मुख्याध्यापिका मिस पीकॉक हजेरीपट न्यायला आल्या. त्यांनी फळ्यावरचा मेंढवाडा पाहिला, मग डायनाच्या ब्लाउजची बाही पाहिली. पहाटेच्या बाळंतपणातलं काहीतरी तिच्यावर वाळून पिवळं पडलं होतं. मिस पीकॉकनी नाकानं एक श्वास घेतला, खिडकी उघडली आणि निघून गेल्या. डायनाचे कान तापले.

"बाई," कॉलिन म्हणाला, "मिस पीकॉक काहीच बोलल्या नाहीत. आता आत काय घालायचं?"

"काही नाही. मिस पीकॉकनी खिडकी उघडली, एवढंच लिहायचं. बाहेर."

मुलं हसली, तीही हसली, आणि बाही दुमडून पुढे शिकवायला लागली. हेटी तेवढी हसत नव्हती. वही मिटून ती फळ्याकडे बघत होती. सुट्टीत तिनं येऊन विचारलं, की माणूस चांगलं बोलला नसेल तर?

"तरी जे बोलला तेच."

"थोडं बदललं तर?"

"गाळलंस तर चालेल, बदललंस तर नाही. आत त्याचेच शब्द हवेत, हेटी."

हेटी बरं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी विल्फ दाराशी स्टुलावर बसून कोकराला पाजत होता. हेटी अंगणात आली, हात मागे बांधण्याऐवजी तिनं दोन्ही हातांची दोन-दोन बोटं कानाशी उभी केली आणि एका दमात म्हणाली, "'त्या विल्फ थ्वेटला सांग,' बाबा म्हणाले, 'की त्याच्या मेंढ्या माझं गवत खातात आणि माझ्याच दारात हगतात, आणि हा बैल बायकोला कामाला जुंपून घरात चहा ढोसत बसलाय.'" मग तिनं बोटं खाली घेतली.

कोकरू बाटली ओढत होतं. विल्फचा चेहरा आधी लाल झाला, मग त्याला हसू फुटलं, मग बरगड्या धरून तो वाकला आणि देवाचं नाव घेत कण्हायला लागला. दम आला तेव्हा हसू उरलं नव्हतं. त्यानं उलट निरोप दिला, आणि तो डायनासमोर दिला. त्यात एमसच्या टाळक्याचा, त्याच्या एडक्याचा आणि या दोघांतल्या साम्याचा उल्लेख होता. हेटीनं ओठ हलवत तो शब्दन्‌शब्द पाठ केला.

लँडरोव्हरमध्ये डायनानं विचारलं, "आधीचे निरोप?"

"ते माझे होते."

"सगळे?"

"विल्फकाकांचेही." हेटीनं खिडकीच्या काचेवर वाफ सोडली आणि पुसली. "पण खोटं नव्हतं, बाई. बाबांना तसंच म्हणायचं असतं. त्यांना फक्त येत नाही."

डायनाला गाडी हाकता हाकता पुढचा रस्ता अंधुक दिसायला लागला. नाक ओढून तिनं गियर बदलला. एवढीशी पोर हिवाळाभर दोन आडदांड माणसांमध्ये उभी राहून दोघांची घाण आपल्या अंगावर घेत होती, आणि तिच्याकडून ते कामही आपण एका तासात काढून घेतलं, असं तिच्या मनात आलं. पण मुलीला आता पुन्हा बदलायला सांगणार कसं? शिकवलेलं उलट तर फिरवता येत नाही.

"हे बघ," ती म्हणाली. "आत त्यांचे शब्द. पण फाटकाच्या बाहेरचं रान तुझं आहे. ते कसं म्हणाले, म्हणताना काय करत होते, तुला काय दिसलं, ते सगळं तू बाहेर सांगू शकतेस. फक्त खरं असलं पाहिजे."

हेटीनं विचार केला. "कितीही?"

"कितीही."

त्या दिवशी हेटीनं विल्फचं उत्तर घरी नेलं. एमसनं काय केलं ते कळायला मार्ग नव्हता, कारण दुपारनंतर आभाळ उतरलं. एप्रिल अर्धा उलटून गेल्यावर खोऱ्यात बर्फ यायला नको, पण ते आलं, आणि असं आलं की वाऱ्यानं ते जमिनीवर पडूच दिलं नाही, सरळ गडग्यांपाशी नेऊन साठवलं. मिस पीकॉकनी शाळा लवकर सोडली. रात्रभर घराच्या दाराखालून बर्फाचा भुगा आत येत होता.

उजाडल्यावर डायना मॉस कुत्र्याला आणि एक लांब काठी घेऊन वर गेली. विल्फ दारापर्यंत आला, कोट घालू लागला. बाही चढवताना त्याचा श्वास अडकला. तिनं काही न बोलता कोट त्याच्या खांद्यावरून काढून खुंटीला टांगला. तो तसाच दारात उभा राहिला. त्याला तिच्याकडे बघवत नव्हतं.

मेंढ्या वाऱ्याला पाठ देऊन गडग्याच्या आडोशाला बसल्या होत्या, आणि बर्फानं तिथेच त्यांना गाडलं होतं. मॉस हुंगत फिरायचा, थांबायचा, पंजानं उकरायचा. तिथे काठी खुपसून बघायची. काठी मऊ लागली की फावडं. कुठे कुठे बर्फात पिवळट भोक पडलेलं असायचं, आतल्या श्वासानं झालेलं, मग काठीचीही गरज नव्हती. गुडघ्यावर बसून उकरायचं, लोकर हाताला लागली की शिंगं धरून ओढायचं. मेंढी बाहेर यायची, अंग झटकायची आणि उपकार केल्याचं तोंड करून चालू लागायची. डायनाच्या मांड्या भिजून बधिर झाल्या होत्या. हातमोज्यांत बर्फ जाऊन भेगा ठणकत होत्या.

खिंडाराजवळ सगळ्यात मोठा ढीग होता. तिथून तिनं पहिली मेंढी काढली तर पाठीवर निळा पट्टा, म्हणजे आपली. दुसरीच्या पाठीवर लाल. आयव्हसनांची. तिसरीही लालच. रात्री त्या मोडक्या फाटकाखालून इकडच्या आडोशाला आल्या होत्या. डायनानं रंग बघायचं सोडलं. जी हाताला लागेल ती ओढायची.

किती वेळ गेला कोण जाणे, पलीकडून दुसऱ्या फावड्याचा आवाज यायला लागला. एमस होता. डोक्याला पोतं गुंडाळलेलं, भुवयांवर बर्फ. तो आपल्या बाजूनं उकरत येत होता, ती आपल्या बाजूनं. मधला ढीग कमी होत गेला आणि शेवटी दोघं समोरासमोर आले. दोघांच्या मध्ये एक लाल पट्ट्याची मेंढी रुतली होती आणि तिच्या पोटाला चिकटून नुकतंच जन्मलेलं, ओलं कोकरू. एमसनं मेंढी ओढली. डायनानं कोकराच्या नाकातोंडातला चिकटा बोटानं काढला, त्याला मागच्या पायांना धरून दोनदा झुलवलं, आणि त्यानं शिंकल्यासारखा आवाज केला. तिनं ते एमसकडे दिलं. एमसनं ते कोटात घातलं, तिच्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, मिटलं, मान हलवली आणि मेंढ्या हाकत खाली निघून गेला.

घरी येऊन तिनं विल्फला सगळं सांगितलं. विल्फनं तिचे बूट ओढून काढायचा प्रयत्न केला, ते जमलं नाही, मग तिच्या पायांवर घोंगडी टाकली आणि विचारलं, "तो काय म्हणाला?"

"काही नाही."

"काहीच नाही म्हणजे बघ," विल्फ म्हणाला. त्याच्या रागाला आता आणखी एक कारण मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा बंदच होती. दुपारी हेटी गुडघाभर बर्फातून आली. काखेत कापडात गुंडाळलेला हॅमचा मोठा तुकडा होता. तो तिनं टेबलावर ठेवला.

"निरोप काय?" विल्फनं विचारलं.

हेटीनं बोटं वर केली नाहीत. "आत घालण्यासारखं थोडंच आहे," ती म्हणाली. "बाहेरचं पुष्कळ आहे. सांगू?"

"सांग," डायना म्हणाली.

मग हेटीनं सांगितलं. बाबा काल घरी आले ते ओले कपडे न बदलता चुलीशी बसले. कोकरू जगलंय. जेवताना बाबांनी दोनदा काटा खाली ठेवला. आज सकाळी कोट घातला, दारापर्यंत गेले, परत आले, कोट काढला. मग पुन्हा घातला. मग हुकाला टांगलेला हॅम कापला, आणि त्या हॅमला आम्ही ख्रिसमसपासून हात लावलेला नव्हता. परवाचा तुमचा एडक्याचा निरोप मी शब्दन्‌शब्द सांगितला होता, तेव्हा बाबा रागावतील असं मला वाटलं होतं, पण ते भिंतीकडे तोंड करून हसले, मला खांदे हलताना दिसले.

इथे तिनं बोटं उभी केली. "'बरगड्या भरत आल्या का त्याच्या?' बाबांनी विचारलं. मी म्हटलं, मला माहीत नाही. 'ती बाई एकटी मरेल,' बाबा म्हणाले." बोटं खाली. "आणि हे म्हणताना ते रागात नव्हते. बस, एवढंच."

विल्फ हॅमकडे बघत बसला. बर्फ वितळलं की कोकरांसह मेंढ्या रानात सोडाव्या लागणार होत्या. खिंडार तसंच राहिलं तर दोन्हींकडची कोकरं एकमेकांत मिसळणार, मेंढ्या आपापली पिल्लं शोधत ओरडत फिरणार, आणि अर्धी कोकरं उपाशी राहणार. त्याला दगड उचलता येत नव्हता. डायनाला एकटीला गडगा घालता येत नव्हता. हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

"सांग तुझ्या बाबाला," त्यानं सुरुवात केली आणि थांबला. मग त्यानं नुसती मान हलवली.

"ते शब्द नाहीत, विल्फकाका," हेटी म्हणाली.

"तू समजून सांग काहीतरी."

हेटीनं डायनाकडे पाहिलं. डायना उठली, टेबलापाशी आली आणि सावकाश म्हणाली की हेटी आजपासून कुठलाही निरोप नेणार नाही, इकडून नाही आणि तिकडूनही नाही. कुणाला काही सांगायचं असेल तर त्यानं स्वतःच्या पायांनी जावं. ज्याला पाय टाकवत नसेल त्यानं गप्प बसावं आणि मेंढ्यांचं काय होतं ते बघावं. मग तिनं हॅमचा एक जाड काप कापून हेटीला ब्रेडमध्ये दिला.

शनिवारपर्यंत ऊन पडलं, गडग्याच्या सावलीत तेवढे बर्फाचे पट्टे राहिले. सकाळीच खिंडारापाशी हातोड्याचा आवाज ऐकू आला. डायना वर गेली. एमस ढिगाऱ्यातले दगड वेगळे काढत होता, मोठे एका बाजूला, लहान एका बाजूला. ती न विचारता दगड द्यायला लागली. थोड्या वेळानं विल्फ काठी टेकत, दर दहा पावलांवर थांबत वर आला आणि उपड्या बादलीवर बसला. हेटी दोघांच्या मध्ये, आपल्या जुन्या जागी, उभी होती.

पहिले दोन थर बिनबोलता झाले. एमसचे हात जाडजूड, पण दगड उचलून फिरवून बघायचे आणि एकदाच ठेवायचे. विल्फ बादलीवरून बघत होता, आणि बघणं त्याला झेपत नव्हतं. त्याची बोटं आपोआप वळत होती.

"डायना," एमस दगडाशीच बोलल्यासारखा म्हणाला, "तुझ्या नवऱ्याला सांग, खुणेचा दगड सापडलाय. बरोबर मध्ये पडला होता. अर्धं त्याचं, अर्धं माझं."

डायनानं हातातला दगड खाली ठेवला. "तो तुझ्यापासून दोन हातांवर बसलाय, एमस."

एमसनं हेटीकडे पाहिलं. हेटीनं हात मागे घेतले. एमसनं टोपी मागे सारली, मान खाजवली, खोऱ्याकडे बघितलं. तिकडून काही मदत येण्यासारखी नव्हती.

"विल्फ," तो म्हणाला.

"हं."

"त्या दिवशी बाजारात मी जे बोललो..." एमस अडला. कपाळावर घाम आला होता, दगडांनी आला नव्हता तेवढा. "ते बोलायला नको होतं."

विल्फनं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मीही कमी नाही बोललो."

"नाही. तू जास्त बोललास."

"जास्त नाही. बरोबरीचं."

"एडक्याचं जास्त होतं."

विल्फला हसू आलं आणि त्यानं कूस धरली. एमस हातोडा टाकून एका ढांगेत खिंडार ओलांडून इकडे आला, आणि येऊन काय करायचं ते न सुचून नुसता वाकून उभा राहिला.

"दुखतं?"

"हसलो की."

"मग थोबाड बंद ठेव," एमस म्हणाला, आणि त्याच्या पाठीमागे हात घालून त्याला नीट बसवलं.

त्यानंतर त्यांनी तोंडं बंद ठेवली नाहीत. कुठला दगड कुठे बसेल यावरून ते दुपारपर्यंत वाद घालत राहिले. विल्फ बादलीवरून हुकूम सोडत होता, एमस ते मुद्दाम मोडत होता, मग तोच दगड काढून विल्फनं सांगितल्या जागी ठेवत होता आणि आपल्यालाच सुचल्यासारखं दाखवत होता. हिवाळाभराचं बोलणं साठलं होतं, मेंढ्यांचं, बाजारभावाचं, एमसच्या बायकोच्या आजारपणाचंही, जे विल्फनं कधी विचारलं नव्हतं आणि आता विचारलं. एमस त्याच्याकडे पाठ करून, दगड लावता लावता उत्तर देत होता.

डायना लांब दगडावर बसून किटलीतला चहा पीत होती. हेटी अजून मध्येच उभी होती. या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत होती, बोटं जरा हलत होती. कुणीच तिला काही सांगेना. मग तिनं गडग्याला टेकून ठेवलेलं खाद्याचं रिकामं पोतं उचललं, उरलेल्या बर्फाच्या पट्ट्यावर नेऊन टाकलं, त्यावर बसली आणि पाय वर करून उतारावरून ओरडत खाली गेली.